उपदेशकांचा आठवडा आणि एक शिडी

तीर्थरूप काकांस,

धाकट्या पुतण्याचा प्रभूच्या नावात सलाम. तुमचा खोकला उतरला असेल, आणि नसेल उतरला तर निदान काकूंचं ऐकून गुळण्या तरी चालू असतील, असं धरून चालतो. मी सुखरूप आहे. घसा तेवढा बसलाय. (बोलून नव्हे, दुसऱ्यांना ‘आमेन’ म्हणून म्हणून.)

उपदेश कसा करावा हे शिकवणाऱ्या परिषदेला मंडळीने मला आठवडाभर धाडलं होतं. (माझा उपदेश सुधारावा म्हणून, की त्यांना एक रविवार विश्रांती मिळावी म्हणून, हे मी विचारलं नाही.) काका, एका सभागृहात शंभरावर उपदेशक बसवले की ऐकणारा एकही उरत नाही. समोरचा बोलत असतो आणि बाकीचे, हेच आपण किती बरं सांगितलं असतं, या विचारात माना डोलावत असतात. जेवणाआधीच्या प्रार्थनेचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशीच्याने नुसते अन्नाबद्दल आभार मानले. दुसऱ्या दिवशीच्याने त्यात पाऊस, नांगर आणि आदामापासूनच्या सगळ्या पिढ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकीणबाईंनी मधेच डोळे उघडून भांड्यांवर पुन्हा झाकणं ठेवली.

माझ्या खोलीत एक धिप्पाड पाळक होते. त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत. ते न्हाणीघरात शिरले की तिथेच उपदेशाचा सराव करायचे, आणि मी खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर पश्चात्तापाला आल्यासारखा उभा. ज्या दिवशी माझी बोलायची पाळी होती (विषय क्षमा), त्याच सकाळी माझी टिपणं न्हाणीघराच्या खिडकीत राहिली. भोंगासाहेबांनी भरात हात उडवला आणि माझा अख्खा उपदेश बादलीत.

व्यासपीठावर गेलो तेव्हा डोकं पार कोरं. शिकवणारे वयस्कर सर रोज बजावायचे, “उदाहरण पुस्तकातलं नको, घरातलं द्या.” मग घरातलंच दिलं. तुम्ही बाबांची शिडी न विचारता नेलीत, छपरावर चढलात, बाबा येऊन शिडी घेऊन गेले, तुम्ही अंधार पडेपर्यंत वर बसलात पण सख्ख्या भावाला हाक मारली नाहीत, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, सगळं सांगितलं. सभागृह आठवड्यात पहिल्यांदा गप्प झालं. भोंगासाहेबसुद्धा.

काकूंना सलाम सांगा. खोकल्याचं कळवा.

तुमचा पुतण्या

ता. क. उदाहरण तिथेच संपत नव्हतं. विषय क्षमा होता, त्यामुळे ती कुठून तरी यायलाच हवी होती. म्हणून मी तुमचा समेट करून टाकला. बाबा शिडी घेऊन परत आले, तुम्ही उतरलात, दोघं गळ्यात पडून रडलात. (तुम्ही फार छान रडलात, काका.) सरांनी चष्मा पुसला. येत्या रविवारी ते आमच्या उपासनेला येताहेत, खास त्या दोघा भावांना भेटायला. मी थाप मारली हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्याआधी ती खरी करता येईल का? उपासनेनंतर चहा आमच्याकडेच आहे.

आणखी एक ता. क. काल बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मला उभं-आडवं झापलं. मग थोड्या वेळाने आतून म्हणाले, “ती उंच खुर्ची बाहेर काढून ठेव. खालच्यावर बसला की हल्ली त्याला उठता येत नाही.” ते तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत म्हणता ना? मग हे त्यांना कळलं कसं, ते तुम्हीच येऊन विचारा.