छातीवरचे इंग्रजी

बोरगाव, वैशाख वद्य पक्ष

राजश्री चिंतामणराव मास्तर यांस आदगोंडा नेमगोंडा याचा जयजिनेंद्र. तुमचे बेळगाव सुटले तरी तुमचा खोकला तुमच्याबरोबर पुण्याला आला असे ऐकतो. तो कोरडा की कफाचा, हे मागच्या पत्रात लिहायचे राहिले होते. या वेळी नीट कळवावे. वहिनींना नमस्कार. आम्ही ठीक आहोत, म्हणजे तंबाखूचा भाव ठीक नाही, आक्काचा राग उतरलेला नाही आणि मी थकलो आहे.

आमच्या लेकीला, राजमतीला, सर्जन व्हायचे आहे (डॉक्टर नव्हे, सर्जन, हा फरक ती स्वतः सांगते). तिची आई गेली तेव्हा बेळगावचे सर्जन निघून निपाणीपर्यंतच पोचले होते, यापुढे काही लिहीत नाही. आता जूनमध्ये पुण्याच्या वैद्यकीय शाळेत साहेब तिची तोंडी परीक्षा घेणार, आणि हाडांची नि हत्यारांची नावे इंग्रजीत विचारणार. मॅट्रिकच्या इंग्रजीत फुले, पाखरे आणि राजाराणी होती, बरगडी नव्हती. तेव्हा ते काम माझ्याकडे आले. माझे इंग्रजी कोणा मास्तराने शिकवलेले नाही (राग मानू नये). रेल्वेच्या पावत्या, बियाण्यांची सूचीपत्रे आणि एक पुठ्ठा निघालेली डिक्शनरी यांच्यावर मी ते उभे केले, आणि निपाणीच्या बाजारात माझ्या तारेत आजवर कोणी चूक दाखवलेली नाही.

हत्यारांचे सोपे गेले. सांडशीला फोर्सेप्स म्हणू लागलो, विळीला काही म्हणायचे आक्काने बंद केले. पण हाडे कुठून आणावीत? पुण्याचे विद्यार्थी खऱ्या हाडांची पेटी विकत घेतात म्हणे. आक्का (माझी थोरली बहीण, घर तिच्या शब्दावर चालते, त्यात मीही आलो) आम्हां जैनांच्या रीतीने बटाटासुद्धा उंबऱ्याच्या आत घेत नाही, तिथे हाडांची पेटी कुठली येते. म्हणून मी माझीच हाडे वापरायचे ठरवले. आधी कागदाच्या चिठ्ठ्या खळीने अंगावर चिकटवल्या. त्या घामाने सुटून बरगडीची चिठ्ठी बेंबीवर येऊ लागली. अशा ढिलाईने कोणी सर्जन होत नाही. मग तंबाखूच्या गठ्ठ्यांवर नंबर घालायची जांभळी पेन्सिल ओली करून सरळ कातडीवरच लिहिले. पाठीवरचे राजमतीने लिहिले, छातीवरचे मी. (मला वाचता यावे म्हणून माझ्या बाजूने, म्हणजे समोरच्याला उलटे. हे आधी लक्षात यायला हवे होते.) पोर वेगाने शिकत होती. पाठीवर नुसते बोट टेकले की नाव सांगायची.

अशात गावात मुनिमहाराज आले. तुम्हांला आमची रीत ठाऊक नसेल म्हणून लिहितो. आमचे दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, आणि निघताना मनाशी एक नियम धरतात, की दारी अमुक दिसले तरच थांबेन. तो नियम कोणाला सांगत नाहीत. लोक कोणी नारळ, कोणी आंबे, कोणी ऊस घेऊन अंदाजाने दारात उभे राहतात. आक्काने पहाटेपासून चुलीशी बसून सगळे शुद्ध रांधले. मी आंघोळ करून ओलेत्याने, ओले उपरणे पांघरून, राजमतीसह कलश धरून उभा राहिलो. उपरणे पांढरे होते. ते अंगाला चिकटले आणि क्लॅव्हिकल, स्टर्नम, सगळे एकेक करून वर उमटू लागले. राजमतीने ते पाहिले आणि लाजेने आत पळाली. तेवढ्यात महाराज समोर आले, थांबले, माझ्याकडे बघितले, आणि पुढच्या घरी गेले.

शेजारचा रायाप्पा म्हणाला, "काय रं आदगोंडा, अंगावर मालाचा नंबर घातलास व्हय? कुठल्या गाडीनं चाललास?" ते सोसले. पण आक्का चुलीपुढून उठून आली ती एवढेच बोलली, "माझ्या दारातनं म्हाराज रिकामं फिरलं. त्या इंग्रजीनं फिरवलं. आता म्हाराजांनी आपल्या घरचं काय तरी घेतल्याबिगर पोरगी गावाभाईर पाऊल टाकणार न्हाय."

संध्याकाळी मी बसदीत (म्हणजे आमच्या देवळात) जाऊन महाराजांना सरळ विचारले, इंग्रजीमुळे फिरलात काय. ते कानडीत म्हणाले, दिवस सरला, आता सांगायला हरकत नाही; आजचा नियम दारात दोघे जोडीने उभे असावेत असा होता, आणि तू एकटा होतास. मग अंगावर कशासाठी लिहिलेस ते विचारले. मी सगळे सांगितले. चालून दुखणाऱ्या आपल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, याला काय म्हणतात. मी म्हणालो, पटेला (गुडघ्याची वाटी, गुडघा निराळा). त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही दारात खांद्याला खांदा लावून उभे. महाराज आमच्या पुढून गेले आणि रायाप्पाच्या दारी थांबले. रायाप्पा एकटा होता. नियम रोज बदलतो, हे मला कळायला हवे होते. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या गावी निघून गेले, आणि आक्काची अट जागच्या जागी राहिली. तेव्हा राजमतीसाठी तुम्ही वसतिगृहात धरून ठेवलेली जागा सोडून द्यावी. पोर दिवसभर नुसती धान्य निवडते. मीही आता इंग्रजी पावत्यांपुरतेच ठेवणार आहे. कळावे, लोभ असावा.

आपला
आदगोंडा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी थोडे घडले. लिहिलेला कागद फाडणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून खाली जोडतो. अशा अंगाने बसदीत यायचे नाही म्हणून आक्का रिठ्याने माझी पाठ घासायला बसली. "ह्यो डाग लई चिवट हाय, ह्येला काय म्हनत्यात?" स्कॅप्युला. "आन ह्यो?" असे करत पाठ निम्मी झाली तेव्हा तिने राजमतीला हाक मारली आणि स्वतःच तिला नावे विचारू लागली. मी मध्ये एक नाव सांगितले तर म्हणाली, "त्ये खालचं. तू गप." बसदीतले बोलणे मी तिला सांगितले होतेच. घासता घासता थांबली. मग म्हणाली, "म्हाराजांनी तुला शब्द इचारला, तू दिलास, त्यांनी घेतला. मग आपल्या घरचं घेतलंच की त्यांनी." मी वाद घातला नाही. पाठ अजून तिच्या हातात होती.

दुसरा ता. क. हे पत्र टपालाने येत नाही. राजमतीच ते तुमच्या हातात देईल. बरोबर आक्का आहे. परीक्षा होईपर्यंत पोरीची उजळणी ती घेणार आहे. तिच्यासाठी वेगळी चूल लागेल. वरचे वाचून वसतिगृहातली जागा सोडली असल्यास परत धरावी.

तिसरा ता. क. इथे आता संध्याकाळी कोणी काही विचारणार नाही. तुमच्या पत्रातून चार शब्द विचारत जावे. फार अवघड नसावेत, पण सोपेही नकोत.