पाचवा अंक आधी

मी, साईनाथ सहदेव पाष्टे, वय सत्तावीस, धंदा परांची बांधणे, मूळ गाव तालुका गुहागर, कायम राहणार दिवा पूर्व, जिल्हा ठाणे, आणि सध्या पोटासाठी ओमान देशात सोहार इथे, हा लेख माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही, नशापाणी केलेलं नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल आईचं मत वेगळं आहे, पण ती हरकत घेणार नाही, कारण मी मृत्युपत्र लिहायला बसलो तेव्हापासून ती माझ्याशी बोलतच नाही.

मला आजार नाही. मागच्या साली आमच्या कामगारांच्या कॅम्पातला श्रीलंकेचा माणूस झोपेत गेला. चांगला माणूस, बासरी वाजवायचा. पैसे, कपडे त्याच्या घरी पोचले. बासरी कोणाला द्यायची ते कोणालाच माहीत नव्हतं, ती कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या शेजारी पडून राहिली. माझं काम उंचावरचं. माझ्याकडे बासरी नाही, पण कॉमिक्स आहेत. म्हणून लिहितोय.

बहीण समीक्षा नौपाड्यात ज्या वकीलबाईंकडे कामाला आहे त्यांनी नमुना दिला. त्या म्हणाल्या, मालमत्तेपुरतं लिहा, इकडचं तिकडचं नको. मी नववीपर्यंत शिकलोय. मला इकडचं तिकडचं लिहिल्याशिवाय पुढचं सुचत नाही, तेवढं माफ करावं.

१. दिव्याची खोली वडील सहदेव पाष्टे, म्हणजे आप्पा, यांच्या नावावर आहे. ती माझी नाही, मी कोणाला देऊ शकत नाही. बँकेत जे असेल ते आईला, रतन सहदेव पाष्टे हिला. तिने ते समीक्षाच्या नाहीतर गावच्या घराच्या नावाने साठवून ठेवू नये. पाण्याचा टँकर मागवावा आणि गुडघ्याचा डॉक्टर करावा.

२. हेल्मेट आणि पट्टा कंपनीचा. बोल्ट आवळायचे दोन पाने माझे स्वतःचे आहेत, ते माझा शाळेपासूनचा दोस्त, आंबिवलीचा नयन म्हात्रे, याला. त्याच्या वडिलांनी जमिनीवर बिल्डिंग उठवली तेव्हा तिथली परांची बघून मी म्हटलेलं, ही पडणार. ती पडली नाही. पान्यांनी त्याने कधीतरी एक बोल्ट स्वतः आवळून बघावा.

३. आता मुख्य मालमत्ता. खोलीतल्या माळ्यावर दोन लोखंडी पेट्या आहेत. त्यांत माझी सगळी कॉमिक्स आणि चित्रकादंबऱ्या आहेत. या संग्रहात जपानचं एकही पुस्तक नाही. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, पेटीतून कोणी काढून घेतली.

कारण असं. कल्याण स्टेशनाबाहेर पोपटकाकांचं रद्दीचं दुकान. मी आणि नयन शाळा बुडवून तिथे जायचो. एकदा एकाच गठ्ठ्यावर दोघांनी हात टाकला, एकमेकांची गचांडी धरली. पोपटकाका तराजू बाजूला ठेवून उठले आणि आमची वाटणी करून दिली. जपान नयनला, उरलेलं जग मला, आणि दुकानात तमाशा नको. ती वाटणी आम्ही अजून पाळतो. मी कधी तक्रार केली की नयनचं ठरलेलं असतं, “आरं, सगली दुनिया तुला दिली, मना नुसता जपान. तरी तूच रडतंस.”

उरलेल्या जगात जे आहे त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते इथे सांगतो, म्हणजे पेटी उघडणाऱ्याला काय हातात आहे ते कळेल.

बेल्जियमचं एक मोठ्या आकाराचं आहे. कालव्यावरचा पूल उघडणारा माणूस. होड्या जातात, लोक हात करतात, तो पूल बंद करतो. फ्रेंच मला येत नाही, पण त्या माणसाच्या भुवया इतक्या बारीक काढल्यात की गरज पडत नाही. पाऊस पडतो ती पानं हळू उलटावीत.

इटलीचं जाडं, काळंपांढरं. डोंगरातला टपालवाला आणि त्याचं खेचर. खेचर जास्त शहाणं आहे.

कोलकात्याचं एक, मासळीबाजारातल्या भुताचं. ते मला बंगाली सुताराने दिलं, आणि वाचून दाखवताना स्वतःच इतका हसला की अर्थ सांगायचा राहिला.

कोरियाचं, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचं. अमेरिकेचं, कपडे धुण्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचं. यात उडणारा कोणी नाही. त्या बाईची वाक्यं तोडकी असतात. मला जेवढं इंग्लिश येतं ते तिच्याकडून. म्हणून मी सुपरवायझरशी कधीकधी बाईसारखा बोलतो असं लोक म्हणतात.

अर्जेंटिनाचं, फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारणाऱ्या म्हाताऱ्याचं. हे मी कुठल्या कुठल्या कामावर बरोबर नेलंय. कुरिअर, केटरिंग, मोबाईलचे टॉवर, मग हे. माझा पाय एका जागी ठरत नाही. त्या म्हाताऱ्याचा ठरतो. ते बघायला बरं वाटतं.

४. बेल्जियमच्याच दुसऱ्या भागावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे आणि सगळ्या बायकांना पेनाने मिशा आहेत. ते पुस्तक आनंदमामाने वाचायला नेलेलं. तो भाग आनंदमामालाच द्यावा. दुसरं काही देऊ नये.

५. जुना हिशोब. आप्पा नौपाड्यातल्या बाइंडिंगच्या कारखान्यात आयुष्यभर कामाला होते. सोसायट्यांची रजिस्टरं, कोर्टाचे कागद, शाळांच्या लायब्रऱ्या, सगळं त्यांच्या हातून शिवलं गेलं. जेवताना ते ऐकवायचे, माझ्या हातून कधी एक पान मागेपुढे झालेलं नाही. त्यांचं म्हणणं, चित्रं बघणं म्हणजे वाचणं नव्हे. मी नववी नापास झालो तेव्हा त्यांनी माझी कॉमिक्स कारखान्यात नेली आणि पानं फाडून वह्यांच्या पाठीत खळ लावून चिकटवली. ठाण्यात कुठल्यातरी सोसायटीच्या मीटिंगचं रजिस्टर अजून माझ्या कॉमिक्सच्या आधाराने उभं असेल.

हा राग मी कोणालाही वारसाने देत नाही. समीक्षाने तो माझ्या बाजूने चालवायची गरज नाही. तो पुढच्या कलमात मिटलेला आहे.

६. पेटीबाहेर, कपाटात, आईच्या साड्यांच्या शेजारी एक बांधलेलं पुस्तक आहे. लाल कापडाची पाठ, जाड पुठ्ठा. ते अरबी आहे. सोहारला शुक्रवारच्या जुन्या बाजारात एक मास्तर देश सोडून चाललेला, त्याच्याकडून मला पाच सुटे अंक मिळाले. अरबी मला वाचता येत नाही, चित्रांत सगळं आहे. दारं बनवणारा एक सुतार. त्याचा मुलगा जहाजावर कामाला जातो. सुतार गावभर दारं करतो, स्वतःच्या घराला नुसती चौकट. पाचव्या अंकात मुलगा येतो आणि दोघं मिळून दार बसवतात.

ते अंक मी सुट्टीवर इकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर घरी पाठवलेले, जपून ठेवा म्हणून. आप्पा तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले, हात रिकामे. कोणी सांगितलं नाही, काही नाही, त्यांनी दोरा आणला, खळ शिजवली आणि पाचही अंक एकत्र बांधले. पिना उजव्या अंगाला होत्या, म्हणजे उर्दूसारखं उजवीकडून उघडणार, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं. क्रम लावला आकड्यांवरून. अरबी एक, दोन, तीन आपल्यासारखेच दिसतात, चारही अंदाजाने कळतो. पण अरबी पाच म्हणजे नुसता गोळा. आपलं शून्य. आप्पांनी विचार केला की शून्य म्हणजे सगळ्यात पहिला. पाचवा अंक आधी लागला, मग एक ते चार.

समीक्षाने मला व्हिडिओ कॉलवर पुस्तक दाखवलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पण मागे आप्पा समीक्षाच्या मुलीला, सान्वीला, मांडीवर घेऊन पुस्तक सांगत होते. आधी मुलगा घरी येतो, दार लावतात. मग बाप त्याला आत बसवून सांगतो, तू कसा गेलेलास, मी काय काय केलं. आप्पांनी जमवलेली गोष्ट अशी चोख बसली होती की लिहिणाऱ्यालाही पटली असती. ज्या माणसाने हजार पुस्तकं शिवली आणि एकही उघडून वाचलं नाही, तो पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलेला. नुसती चित्रं बघून. मी काही बोललो नाही.

या सुट्टीत मी सान्वीला खेळायला पाच रियालची नोट दिली. एका बाजूला इंग्लिश पाच, दुसऱ्या बाजूला गोळा. आप्पांनी तिच्या हातून नोट घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग चष्मा लावून कपाटातून पुस्तक काढलं.

“साई, हा गोळा शून्य नाय ना रे?”

“नाय आप्पा. पाच.”

“तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

मी म्हटलं, तुम्ही सांगता ती गोष्ट मला बरी वाटत होती. त्यांनी ऐकलं, आणि हत्यारांच्या डब्यातून सुरी काढली. मी पुस्तकावर हात ठेवला. कागद जुना, स्वस्तातला. उसवला तर घडीवर तुटेल, हे त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते म्हणाले, चुकलेलं काम माझ्या नावावर राहणार नाही. मी म्हटलं, राहू दे, कोणाला कळतंय. मग त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“चुकीचं सोड. मुलगा घरी येतो ते शेवटालाच पाहिजे. शेवटाला यायला नको का त्याने?”

आत भाकऱ्या थापत असलेली आई म्हणाली, “हे पुस्तकाला विचारताय की त्याला?”

सान्वी नोट परत मागत होती.

त्यानंतर रोज त्या पुस्तकावरून घरात बोलणं होतंय. आप्पा म्हणतात उसवणार, मी म्हणतो नको. सोमवारी माझं विमान आहे. मी गेल्यावर ते सुरी घेणार हे मला दिसतंय, म्हणून या पुस्तकाचा निकाल इथे लावतो. आप्पांना वाचून दाखवलाय.

७. दोन पेट्या आणि लाल पुस्तक यांचा ताबा आप्पांच्या हयातीत आप्पांकडे, त्यांच्यानंतर मालकी सान्वीची. काहीही रद्दीत जाऊ नये, वजनावर विकू नये, कशाच्याही पाठीत चिकटवू नये. ज्याला वाचायचं असेल त्याने खोलीत बसून वाचावं. घरी न्यायची परवानगी फक्त नयनला, कारण तो वाटणीतला माणूस आहे. आनंदमामाला नाही. माळ्याखालचे पाण्याचे ड्रम भरताना पाइप वर उडू नये, यावर आईने लक्ष ठेवावं. सान्वीला चित्रं बघू द्यावीत, मग अक्षरं. अक्षरंही शिकवावीत. तिने दहावी काय ती करावी, माझं उदाहरण घेऊ नये.

८. लाल पुस्तक सध्या आहे तसंच राहील. मी कायमचा घरी आलो, तिकडची बॅग, गादी, सगळं घेऊन, तर त्या दिवशी आप्पांनी ते उसवावं. मी दोरा धरेन, ते शिवतील, आणि पाचवा अंक शेवटी लागेल. कागद घडीवर तुटला तर तुटला, चिकटवू. माझा पाय ठरत नाही हे मी वर लिहिलंय, तरी हे कलम मी विचार करून घातलंय आणि ते मला बांधतं.

मी आलो नाही, म्हणजे हे मृत्युपत्र उघडायची वेळ आली, तर मात्र पुस्तकाला कोणीही सुरी लावू नये. आप्पांनीही नाही. त्या पुस्तकात मुलगा पहिल्याच अंकात घरी आलेला आहे, आणि पुढचं सगळं बाप त्याला समोर बसवून सांगतोय. ते तसंच राहू द्यावं.

९. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही. काही वाद झाला तर समीक्षाने वकीलबाईंना विचारावं, आणि दोघींचं जमलं नाही तर पोपटकाकांनी वाटणी करून द्यावी. त्यांची वाटणी टिकते.

हे कागद आप्पांनी त्यांच्या हाताने शिवून दिले. पानांचा क्रम त्यांनीच लावलाय. मी तपासलेला नाही.

स्थळ: दिवा पूर्व, जिल्हा ठाणे
दिनांक: १७ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: साईनाथ सहदेव पाष्टे (सही)

साईनाथने आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्याच्या समोर केली. आम्हा दोघांना यातून काही मिळत नाही.

साक्षीदार १: पोपट रामचंद्र गायकर, रद्दीचे व्यापारी, कल्याण पश्चिम (सही). यातला एकही कागद मी तराजूवर घेणार नाही, हे स्वतःच्या हाताने लिहितो.

साक्षीदार २: रखमाबाई विठोबा गोरे, शेजारची खोली, दिवा पूर्व (डाव्या हाताचा अंगठा). बाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पोराला सांगा, ते आठवं कलम लवकर कर.