तातडीच्या तक्रारी : शून्य

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. फोनवर. कागद-पेन नको, मी तंत्रज्ञानाचा माणूस आहे.
लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रार विभाग म्हणजे मी. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची. (खुर्चीचं डावं चाक निखळलंय. तक्रार करणार आहे.) शहरात कुठलीही लिफ्ट कुरकुरली की ईमेल माझ्याकडे येतो, मी त्याला नंबर देतो, मग मेकॅनिक जातो. ऐकायला सोपं वाटतं. आज सकाळी इनबॉक्स उघडला तर लॉटरी, टक्कल, वजन, कुठल्याशा सेनापतीची श्रीमंत विधवा, आणि या सगळ्यांच्या खाली एक अडकलेली लिफ्ट. विधवेचं पूर्ण वाचलं. लिफ्टचं राहिलं.
संकल्प : या वर्षी इनबॉक्स स्वच्छ.

५ जानेवारी
कंपनीचा तयार फिल्टर बंद केला. परक्यांनी बनवलेला, त्याला आपल्या लिफ्टा काय कळणार. स्वतःचे नियम लिहिले. नाव ‘चाळणी’. अडकेल ते ‘गाळ’ नावाच्या फोल्डरमध्ये.
तत्त्व मीच शोधलं : ज्याला खरोखर काम असतं तो ओरडत नाही. लॉटरीवाला ओरडतो. म्हणून विषयात उद्गारचिन्ह असेल तर गाळ. ‘तातडीचे’, ‘लगेच’, ‘धोका’, ‘शेवटची सूचना’, सगळे गाळ. एकाच माणसाकडून तिसऱ्यांदा आलेला ईमेल, भाषा कितीही गोड असो, गाळ.
समोरच्या टेबलावरची अकाउंट्सवाली म्हणाली, अहो, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस काय ‘आपल्या सवडीने पाहावे’ असं लिहिणार का? तिला आकड्यांतलं कळतं. बाकी फारसं नाही.

९ जानेवारी
चमत्कार. दिवसभरात चार ईमेल. चारही सभ्य.
रोज संध्याकाळी सहाला साहेबांना आपोआप अहवाल जाईल अशी सोय केली. आजचा पहिला : ‘आजच्या तातडीच्या तक्रारी : शून्य.’
साहेबांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. इतक्या वर्षांत पहिला. स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

१४ जानेवारी
खुब्याच्या ऑपरेशननंतर आई आमच्याकडे राहायला आली आहे. आम्ही सातव्या मजल्यावर. व्यायामाला तिला आठवड्यातून दोनदा खाली न्यावं लागतं, व्हीलचेअरवर, म्हणजे सगळी भिस्त लिफ्टवर. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे. आईला हे अभिमानाने सांगितलं. ती बरं म्हणाली.
रात्री जेवताना बायको म्हणाली, चौथ्या आणि पाचव्याच्या मधे वरून टक् असा आवाज येतो, दोर तुटत असल्यासारखा. मी म्हटलं, घरी ऑफिस नाही. ईमेल कर. ती म्हणाली, अहो, मी तुमच्या शेजारी बसलेय. मी म्हटलं, शेजारी बसणाऱ्यांची कामं तोंडी करायला लागलो तर उद्या लोकांना काय तोंड दाखवू? पत्ता लिहून दिला.

१६ जानेवारी
बायको म्हणते, पाठवला. इनबॉक्समध्ये नाही. पत्ता चुकवला असणार. तसं म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
तातडीच्या तक्रारी : शून्य. अंगठा.

२५ जानेवारी
चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांच्या मते आपली लिफ्ट इतकी वर्षं एका पट्टीत गुणगुणायची, आता पाचव्याच्या अलीकडे बेसूर होते. दोनदा कळवलंय म्हणाल्या. मी विचारलं, उद्गारचिन्ह वापरता का? त्या म्हणाल्या, गाण्यात नाही वापरत. विनोद करण्याची ही वेळ नव्हती.

३ फेब्रुवारी
मेकॅनिक ऑफिसात येऊन बसला. हातांना ग्रीस नाही, नखं स्वच्छ. महिनाभरात त्याला जेमतेम काम मिळालंय. म्हणाला, काय हो, लिफ्टा सुधारल्या की माणसं संपली? हसला. मीही हसलो. मग दोघंही एकदमच थांबलो, का ते कळलं नाही.
जाताना म्हणाला, तुमच्या बिल्डिंगचा दोर बदलायला झालाय, एक तक्रार नंबर द्या, वरच्या मशीनरूमचं कुलूप नंबराशिवाय उघडता येत नाही. नियमच आहे. मी म्हटलं, तक्रार आलेली नाही. तो म्हणाला, तुम्ही तिथेच राहता ना? मी म्हटलं, राहणं वेगळं आणि तक्रार वेगळी.

११ फेब्रुवारी
लिफ्टमधली धोक्याची घंटा हा जुनाट प्रकार. पोरं दाबून पळतात, वॉचमन धावतो, शिव्या घालतो. माझी सूचना साहेबांनी मान्य केली : बटण दाबलं की घंटा वाजणार नाही, थेट तक्रार विभागाला ईमेल येणार. शांत, आधुनिक. पहिला प्रयोग आमच्याच बिल्डिंगमध्ये.
बटण बसवणाऱ्या इंजिनियरने ईमेलचा विषय ठेवलाय, ‘तातडीचे! लिफ्टमध्ये माणूस अडकला आहे!’ भाषा भडक वाटली. बदलायला हवी. नंतर बघू.

१२ फेब्रुवारी
आज टक् मीही ऐकला. डोक्यावर, अगदी जवळ. कोणीतरी बोट मोडल्यासारखा. लिफ्टच्या आरशात पाहिलं तर माझे खांदे कानांपर्यंत वर गेले होते.
तक्रार नोंदवावी का? पण तक्रार विभागानेच तक्रार करायची म्हणजे शोभत नाही. वाट पाहू.

१८ फेब्रुवारी
मोठी बातमी. एका संस्थेकडून ईमेल : ‘महोदय, वर्षातील उत्कृष्ट ईमेल व्यवस्थापक म्हणून आपली निवड झाली आहे. घाई नाही. सवडीने आपला एक फोटो पाठवावा. समारंभ एकोणतीस मार्च.’ एकही उद्गारचिन्ह नाही. चाळणीतून सरळ वर आला, म्हणजे खराच असणार.
निळ्या शर्टातला फोटो पाठवला.
अकाउंट्सवालीने संस्थेचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. जळणारी माणसं अशीच पुन्हा पुन्हा विचारतात.

२४ फेब्रुवारी
हल्ली बिल्डिंगमधले लोक जिन्याने जातात. पाचव्या मजल्यावरचे लठ्ठ काका पिशव्या घेऊन धापा टाकत चढताना दिसले. लोक तब्येतीबाबत जागरूक होत आहेत. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं टाकून उभी असते. आत दिवा चालू. कोणीच चढत नाही. मी एकटा चढतो. रिकाम्या लिफ्टमध्ये आरसा फार मोठा वाटतो.

२ मार्च
आज बायकोने दोन हमाल बोलावून आईला खुर्चीसकट जिन्याने खाली नेलं. सात मजले. पुन्हा वर. आईचा चेहरा पांढरा पडला होता, खुर्चीचे हात सोडवेनात. मी म्हटलं, हा तमाशा कशाला, लिफ्ट आहे की. बायको म्हणाली, आईंना मी त्या पेटीत घालणार नाही. पेटी हा शब्द मला आवडला नाही.
आई म्हणाली, अरे, लहानपणी तुला हाक मारली की तू कानात बोटं घालायचास आणि वर ओरडून सांगायचास, मला ऐकू येत नाहीये.
हे तिने सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती.

९ मार्च
बायको चाळणीला ‘माझी सवत’ म्हणते. विचारते, आज माझ्या सवतीने काय काय गिळलं? मी म्हटलं, गाळ उघडून बघायचा नसतो, बघायचाच असेल तर गाळायचं कशाला? ती उठून आत गेली. पटलं असणार.

१५ मार्च
टक् बंद! चौथा, पाचवा, काही नाही. मी दोनदा वर-खाली करून खात्री केली. शेवटी धीर धरण्यालाही महत्त्व आहे. प्रश्न आपोआप सुटतात.
गाण्याच्या बाईंना मुद्दाम सांगायला गेलो. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, गप्प झाली ते मला जास्त आवडलेलं नाही. सुरात नसलेला माणूस एकदम गप्प झाला तर आपण काय समजतो?
कलाकार लोक. सोडून दिलं.
तातडीच्या तक्रारी : शून्य. अंगठा.

२२ मार्च
बायकोने चहा देताना विचारलं, ईमेल वाचलात का? कुठला, म्हटलं. ती म्हणाली, तुमच्याच पद्धतीने लिहिलाय, अगदी सभ्य. मी म्हटलं, आला की वाचेन. ती बरं म्हणाली. अगदी आईसारखं म्हणाली.
संध्याकाळी कपाटातून आईचे आणि स्वतःचे कपडे काढून घड्या घालत होती. आवराआवर चांगली चालली आहे. भाषणाचा मसुदा तयार. सुरुवात : ‘ज्याला खरोखर काम असतं तो ओरडत नाही.’

२९ मार्च, संध्याकाळ, ५.१०
समारंभाच्या पत्त्यावर टायरचं दुकान निघालं. बंद. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, तुम्ही पण का? सकाळपासून बरेच आले, सगळे निळ्या शर्टात. तारीख किंवा गल्ली चुकली असणार. संस्थेला सवडीने विचारतो.

५.२५
घरी परत. वॉचमन म्हणाला, वहिनी आणि आजी टॅक्सीने गेल्या, बॅगा होत्या. कुठे, म्हटलं. म्हणाला, तुम्हाला ईमेल केलाय म्हणाल्या. मी लिफ्टकडे वळलो. तो म्हणाला, साहेब, जिन्याने जा. मी त्याच्या देखत आत शिरलो. विश्वास कोणीतरी दाखवायलाच हवा.

५.३०
चौथ्या आणि पाचव्याच्या मधे थांबली आहे. तात्पुरती.

५.३४
दिवा गेला. बटण दाबलं. घंटा वाजली नाही. बरोबरच आहे, वाजणार नाही अशीच सोय आहे.

५.३८
मेकॅनिकला फोन लागत नाही. पत्र्याच्या पेटीत रेंज नाही, ईमेल तेवढे सावकाश सरकतात. (पेटी म्हणायचं नव्हतं.) दार ठोकतोय. चौथ्यावर गाण्याचा क्लास सुरू झाला. मुली मोठ्याने गातात. मी ठोकलं की त्यांना ठेका मिळतो.

५.४२
तक्रार विभागाला ईमेल लिहिला. उद्गारचिन्ह घालावं का, यात जरा वेळ गेला. घातलं. तीन घातली. माझ्या डोळ्यांदेखत गाळात पडला.

५.४५
गाळ पहिल्यांदाच उघडला. खाली सरकत गेलो, शेवटच सापडेना. शहरभरच्या लिफ्टा आहेत. ‘लगेच या.’ ‘आजोबा आत आहेत.’ ‘कोणी वाचतं का?’ तारखा जुन्या आहेत. पुढे काय झालं ते कोणी लिहिलेलं नाही.
आमच्या बिल्डिंगचेही ढीगभर. बाईंचे आहेत. पाचव्यावरच्या काकांचे आहेत. बायकोचा पहिला : ‘धोका! चौथ्या मजल्यावर आवाज.’ दुसरा : ‘अहो, मीच आहे.’ तिसऱ्यात एकही उद्गारचिन्ह नाही, ‘तातडीचे’ नाही. विषय : ‘सवडीने वाचावे.’ पण तिसरा होता. आत लिहिलंय : ‘महोदय, पुढच्या आठवड्यात आईंना घेऊन आपल्या ताईंकडे जात आहे. त्यांचं घर तळमजल्यावर आहे. आम्ही काही दिवस नसू. तोवर कृपया लिफ्टने येऊ-जाऊ नये. आपली नम्र.’

५.५१
बायकोला फोन लागला! लिफ्टमध्ये अडकलोय म्हणालो. तिने विचारलं, अहो, ईमेल केलात का? मागून आईचा आवाज आला, कोण आहे गं? तेवढ्यात कट. तिला ‘लिफ्ट’ हा शब्द ऐकू आला की नाही, ते कळायला मार्ग नाही. पुन्हा लागत नाही.

५.५६
गाणं थांबलं. क्लास सुटला. मुली जिन्याने उतरल्या. मी हाका मारल्या. त्या बोलत होत्या, हसत होत्या. मग खालचं दार.
आता फार शांत आहे. बाईंचं म्हणणं थोडं पटतंय.

५.५९
टक्.
जरा खाली आल्यासारखं वाटलं. वाटलं असेल.

६.००
अहवाल आपोआप गेला. आजच्या तातडीच्या तक्रारी : शून्य.
साहेबांचा लगेच अंगठा आला. आज सोबत एक फूलही पाठवलंय.