मागच्या बॅटरीतलं शेवटचं चार्जिंग

रविवार, संध्याकाळ. पारनेरचा माळ.

मी राहतो ती व्हॅन परवापासून बंद, त्यात दिवसभर आभाळ. टपावरच्या सोलरनं मागची बॅटरी भरलीच नाही. जेमतेम एक मोबाईल चार्ज होईल इतकीच उरली होती. माझा बंद पडलेला फोन लावणार, तोच शेजारच्या रानात मेंढ्या बसवलेल्या मेंढपाळ बाई आल्या.

"भाऊ, लेकीला दवाखान्यात न्हेलंय. माझा फोन बंद पडलाय. जरा लावता का?"

त्यांचाच लावला. रविवारी माझ्या मुलाचा फोन येतो. म्हणजे, कधीकधी येतो.

तासाभरानं त्यांच्या फोनवर बाळाचं रडणं ऐकू आलं. "नात झाली, भाऊ!" त्या रडल्या, मी हसलो.

त्या गेल्या आणि व्हॅन उगाच मोठी वाटायला लागली. माझा फोन बंदच राहिला, ते बरं झालं का? निदान आज तो वाजला नाही, याला काही कारण तरी आहे.