जावईबापूंचा उजेड आणि अनारशांचे सोवळे

कल्याण, अधिक महिना

राजमान्य राजश्री बाळकृष्णपंत मेहुणे, मुक्काम ठाणे, यांसी हरिहराचा सप्रेम नमस्कार. येथे सर्व खुशाल (म्हणजे तुमची भगिनी रखमाबाई सोडून सर्व). खाडीच्या वाऱ्याने तुमचा दमा वाढला नसेल, अशी आशा आहे.

पत्रास कारण, तुम्हीच शोधून दिलेले आमचे जावई आनंदराव. मला ह्या माणसाचा पहिल्यापासून संशय आहे. अधिकाचे वाण घ्यायला मंदाकिनीसह आले, आणि दिवेलागणीला ओटीवर साहेबी मेणबत्ती लावून वाचत बसले. मेणबत्ती चरबीची! समोरच्या दारातून आत रखमाबाई सोवळ्यात अनारसे तळताना दिसत होती. मी आपले सहज विचारले, की उजेड म्हणजे असतो तरी काय? तर म्हणे एका थोर साहेबाच्या मते ज्योतीतून बारीक कण सुटतात नि समोरच्या वस्तूवर जाऊन आदळतात. झाले! आत झारा आपटला. चरबीचे कण थेट अनारशांवर! तिने परात कोपऱ्यात सारली आणि असले वाण देणार नाही म्हणून बसली.

जावई रुसले. बोचके बांधले, मंदाकिनीला पुन्हा माहेरी धाडणार नाही म्हणाले. पोर खांबाआड रडू लागली.

मग (अनारशांचा वास लागला असावा) स्वारी आपणच वळली. कणांचे मत म्हणे जुने झाले; हल्लीचे विद्वान उजेडाला लाट मानतात. वाळवणाची दोरी खुंटीला बांधून त्यांनी दुसरे टोक हलवले. हिसका खुंटीपर्यंत गेला, दोरी होती तिथेच राहिली.

“सासूबाई, येते ती नुसती हालचाल. मेणबत्तीतले काही येत नाही.”

रखमाबाईने बराच विचार केला. “काही येतच नाही, तर शिवणार काय?” म्हणाली आणि परात पुढे ओढली.

पण पंत, उपाशीपोटी कण आणि परात दिसताच लाट, हे कसे? वर म्हणतात, दोन बारीक फटींतून आलेला उजेड एकमेकांत मिसळला की मधे मधे काळे पट्टे पडतात. उजेडात उजेड घालून अंधार काढणाऱ्याच्या हाती आपण मुलगी दिली! तुम्ही चौकशी केलीत ती कसली?

वडिलांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

ता. क. वाण यथासांग पार पडले. अनारसे फक्कड झाले होते. जावई तसे गुणी आहेत.

दुसरा ता. क. खरे काम हे. निघताना आनंदराव माझ्या कानाशी लागले, की लाटेला मधे काहीतरी लागतेच. म्हणून ईथर नावाचे द्रव्य सगळीकडे भरलेले असून ते मेणबत्ती, अनारसे, तुम्ही, आम्ही, सर्वांना एकदमच शिवलेले असते. रखमाबाई परवा तुमच्याकडे येते आहे, जावईही भेटायला येतील. काहीही करा, पण त्यांना बोलू देऊ नका. हिला हे कळले, तर ह्या घरात पुन्हा चूल पेटायची नाही.