खाट क्रमांक दोन रिकामी नसल्याबाबत

प्रति,
मा. निवास अधिकारी,
खेळाडू निवास अनुदान कक्ष,
क्रीडाग्राम, तळमजला.

विषय: इमारत 'ड', खोली ४०६ मधील दुसरी खाट मालिशकाराला न देता अर्जदाराच्या मुलीकडेच राहू देणे.

संदर्भ: १) अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावर झालेली फवारणी. २) आपल्या कक्षाची दारावर लावलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार ही क्रीडाग्रामच्या धुलाई विभागात चादरी धुण्याचे काम करते, आणि चालण्याच्या शर्यतीसाठी निवड झालेल्या एका खेळाडूची आई आहे. मुलीला घरी भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय घरात ठरत नसे. निवड झाल्यावर आपल्या कक्षाचे पत्र आले की, खेळाडूंच्या राहण्याचा खर्च सरकार करणार आहे. ते पत्र तिने शेजारीपाजारी सगळ्यांना वाचून दाखवले. जन्मभर आईच्या कुशीत झोपलेल्या मुलीला स्वतःची खाट मिळणार होती. हुरळून जाऊन तिने बॅगसुद्धा आधीच पाठवून दिली. त्यानंतर सरावाला गेली असता रस्त्यात तिला मालवाहू टेम्पोने उडवले. याची नोंद आपल्या दप्तरी आहे, म्हणून अर्जदार त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आपले म्हणणे असे की, जनतेच्या पैशाने रिकामी खाट अडवून ठेवता येत नाही. हे अर्जदाराला शंभर टक्के मान्य आहे. अर्जदारही जनताच आहे. प्रश्न एवढाच की, खाट रिकामी आहे हे ठरवले कोणी? पाहणीला आलेले साहेब खाटेवर बसले, गादी दाबून पाहिली आणि 'रिकामी' असा शेरा मारून चहाला गेले. ती वेळ सरावाची होती. त्या वेळी पाहिले तर या इमारतीतली एकूण एक खाट रिकामीच दिसेल, मग सगळ्याच मालिशवाल्यांना द्याव्या लागतील.

वास्तविक मुलगी खोलीत राहते आहे. ४०६ मधून धुवायला येणारी दुसरी चादर एकाच अंगाला चुरगळलेली असते, भिंतीकडची बाजू कोरी. घरी ती बाजू अर्जदाराची असे. खाट क्रमांक एकवरील थाळीफेक करणाऱ्या मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती कपडे न्यायला आली असता आपणहून म्हणाली, "काकू, तुमची लेक गुणाची आहे हो, पण एक शब्द बोलेल तर शपथ! नुसती बूट बांधते, सोडते, परत बांधते." अर्जदाराने "लाजाळू आहे गं ती" असे सांगून वेळ मारून नेली. पुढे मुकादम बाईंनी तिला खरे काय ते सांगितले. ती आरडाओरड करत सुटली नाही, अर्जदाराच्या गळ्यात पडून रडली. पण खोली मात्र बदलून घेतली. तेव्हापासून भिंगरी एकटी असते, याचे अर्जदाराला फार वाईट वाटते.

पहिल्या अर्जात अर्जदाराने "सदर खोलीत माझ्या मुलीचा वास आहे" असे लिहिले होते. वास म्हणजे राहणे. आपल्या कक्षाने तो अर्ज स्वच्छता विभागाकडे पाठवला. दोन माणसे तोंडाला फडके बांधून आली, कोपऱ्याकोपऱ्यांत फवारणी केली, खिडक्या सताड उघड्या टाकल्या आणि अर्जावर "वास पूर्णपणे घालवण्यात आला, तक्रार निकाली" असा शेरा लिहून गेली. दुसऱ्या अर्थाचाही वास तिथे होता. पोटऱ्यांना लावायच्या मलमाचा. तो गेला तो गेलाच, आता बॅगेत नाक घातले तरी फिनेलच येते. कागदोपत्री मात्र आपण अर्जदाराच्या मुलीला घालवून देऊन मोकळे झाला आहात. ती गेलेली नाही, हे आपल्या माहितीसाठी.

विभागातले इस्त्रीवाले मामा म्हणतात, "बाई, भुताचे पाय जमिनीला लागत नाहीत, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका." चालण्याच्या शर्यतीत एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले लागते, नाहीतर पंच बाहेर काढतात. अर्जदाराच्या मुलीला एकदाही कोणी बाहेर काढलेले नाही. तेव्हा त्या शब्दाचा वापर कार्यालयीन टिपणीत करू नये, ही विनंती.

आता मुख्य मुद्दा. आज अर्जदार यंत्रावर असताना आपल्या शिपायाने ४०६ च्या दारावर नोटीस डकवली. मजकूर असा: "खेळाडू मयत असल्याने खाट क्रमांक दोन रिकामी समजण्यात येत असून सामान त्वरित हलवावे." अर्जदाराला कळताच ती जिने चढून धावत गेली व नोटीस काढून घेतली. दारावर ती किती वेळ होती, कळायला मार्ग नाही. खोलीत चादर सकाळी घातली तशीच ताठ होती. बूट खाटेखाली होते, नाड्या सुटलेल्या.

महोदय, तिला हे कोणी सांगितलेले नव्हते. ती अजून शर्यतीची तयारी करत होती. सांगायचे काम आईचे आहे हे अर्जदाराला कळते, पण जीभ रेटत नाही. शर्यत झाल्यावर सांगू, असे मनाशी ठरवले होते.

म्हणून विनंती की, त्याच दारावर, आपल्या सही-शिक्क्यानिशी, दुसरी नोटीस लावावी: "मागील नोटीस चुकून लागली. खाट तुमचीच आहे. शर्यतीला वेळेवर हजर राहावे." अर्जदाराने तोंडी सांगून पाहिले. बंद दाराशी उभी राहून पुष्कळ सांगितले. पण आईचे बोलणे ती कधीच मनावर घेत नाही. सरकारी कागदावर मात्र तिचा फार विश्वास आहे.

आपल्या उत्तराची नव्हे, त्या नोटिशीची वाट पाहणारी,

(सही)
खेळाडूची आई, धुलाई विभाग
दिनांक: उद्घाटनाचा दुसरा दिवस

सोबत: दारावरून काढलेली नोटीस, मूळ प्रत. वरचा कोपरा फाटून दारालाच चिकटला आहे. त्यावर फक्त तिचे नाव आहे; ते राहू द्यावे.