अर्धी वाटी डाळ

बाबूजी, आपण घरात मारवाडी बोलायचो. पण मी शिकले मराठीत, आता शिकवतेही मराठीतच, म्हणून तुम्हाला लिहायला बसले तर हीच भाषा हाताशी आली. काल आठवीच्या वर्गात संतुलित आहाराचा धडा होता. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, रोज नेमकं किती प्रोटीन लागतं?" मी सांगितलं, धडधाकट मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम. डाळी, कडधान्यं, दूध, शेंगदाणे, खाणाऱ्यांनी अंडी-मासे. नुसत्या भाकरीनं पोट भरतं, पण ही गरज भागत नाही. तिनं लिहून घेतलं आणि मान वर करून म्हणाली, "सगळ्यांना तेवढंच?" मी "नाही" म्हटलं, आणि पुढचं न सांगताच पुस्तक मिटलं. मुली माझ्याकडे बघत बसल्या.

आई गेली आणि घर माझ्याकडे आलं, त्याच हिवाळ्यात तुमच्या किडन्या कमजोर झाल्याचं कळलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी समजावलं, प्रोटीन कमी करा, म्हणजे किडनीवरचा भार कमी होईल आणि डायलिसिस लांबेल. विसरवाडीच्या रस्त्यावर डाळमिल चालवणारा माणूस, ज्याच्या सदऱ्याला जन्मभर तुरीच्या डाळीचा वास, त्याला मी डाळ कमी करायला सांगितली. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही फक्त म्हणालात, "ठीक आहे. आजपासून नेम." पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिलेले तुम्ही, तुम्हाला हे काय जड! मी अर्धी वाटी डाळ वाढायचे, चुकून चमचाभर जास्त पडली तर तुम्ही ताटावर हात आडवा धरायचात. पाहुण्यांकडे बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आली की वाटी बाजूला सरकवायचात. तपासणीत आकडे जागच्या जागी राहिले की परतताना जीपमध्ये तुमची मान ताठ असायची. खरं सांगू, माझीसुद्धा. ती दोन-तीन वर्षं आपण दोघांनी मिळून काढली.

मग पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली आणि डायलिसिस सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले की आता पथ्य बदललं. मशीन रक्तातली घाण काढते, त्याबरोबर प्रोटीनही थोडं वाहून जातं. आता निरोगी माणसापेक्षाही जास्त लागेल. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात चांगला, असंही म्हणाले. तेव्हा मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते होणार नव्हतंच, आणि त्याच्यावाचून अडणारही नव्हतं. त्यांनी पनीर, मूग, दुधात घालायची पावडर, किती घ्यायचं ते सगळं सांगितलं. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी मी तुमचं ताट वाढलं आणि डाळीची वाटी काठोकाठ भरली. तुम्ही हात आडवा धरलात.

"बाबूजी, आता खायचंय."

"एवढं नको."

"डॉक्टरांनीच सांगितलं ना, आता जास्त लागतं."

"त्यांनीच सांगितलं होतं कमी खा. एक काय ते ठरवा म्हणावं."

"तेव्हा ते औषध होतं. आता हे औषध आहे."

तुम्ही वाटीतली अर्धी डाळ परत पातेल्यात ओतलीत. "नेम तूच दिलास बेटा, आणि आता मोडायलाही तूच सांगतेस?"

मी विनवलं, ओरडले, दोन दिवस बोलले नाही. पावडरचा डबा उघडलाच गेला नाही. तुमचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागलं. प्रकाशा गावाकडून तूर घेऊन येणारे एक म्हातारे शेतकरी मिलच्या दारातच थबकले. "शेठ, काय हाल करी लिधात! खातस का नही काही?" तुम्ही हसून म्हणालात, "खास ना, पोट भरीसन." आणि तुम्हाला तसं खरंच वाटत होतं. पोट भरत होतं. पोळी, भात, दुधी, सगळं खात होतात. भूक लागत नव्हती म्हणून काही कमी आहे हे पटत नव्हतं. मी चिडून म्हटलं, अशानं माणूस मरतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "उपासानं कोणी मरत नाही."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तुमचा दंड चिमटीत धरून पाहिला. वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी थकलेले असावेत. म्हणाले, "शेठजी, तुम्ही खाल्लं नाही की शरीर स्वतःचंच मांस खातं. तेच चाललंय तुमच्यात."

 परतीच्या वाटेवर घाटातल्या वळणावर ट्रक अडकला होता, आपण बराच वेळ थांबलो; तुम्ही सैल झालेलं घड्याळ हातावर वर-खाली सरकवत बसलात. घरी येऊन हातपाय धुतलेत आणि स्वयंपाकघरात येऊन बसलात. "म्हणजे इतके दिवस मी मांस खात होतो?" मी ताट पुढे ठेवलं. "वाढ," तुम्ही म्हणालात. मी वाढलं. तुम्ही भरली वाटी संपवलीत, पुन्हा मागितलीत, आणि खाता खाता तुमच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. ते पुसायला तुम्ही हातही थांबवला नाहीत.

त्यानंतर तुम्ही रोज खाल्लंत. कधी उलटी व्हायची, तोंड धुवून पुन्हा बसायचात. पावडरही घेतलीत, नाक मुरडत. मला वाटलं, सावरतील. पण होळीनंतर ताप भरला, तो उतरला नाही. डॉक्टर म्हणाले की जंतुसंसर्ग झालाय, आणि त्याच्याशी झगडायला अंगात काही उरलेलं नाही. तुम्हाला उचललं तेव्हा खांदेकऱ्यांना जोर लावावाच लागला नाही. ते मी खिडकीतून पाहिलं.

हा कागद कुठे पाठवणार? ठेवला तर कोणाच्या तरी हाती पडेल, म्हणून फाडून टाकीन. पण त्याआधी एक लिहिते. ज्या वाक्यानं तुम्हाला रडवलं त्याबद्दल जमलेल्या सगळ्या नातेवाइकांनी त्या डॉक्टरांना नावं ठेवली, मीही त्यांच्यात मान हलवली. मनात मात्र मला दुसरंच वाटत होतं, अजूनही वाटतं. ते वाक्य मला आधी सुचलं असतं, तर तुम्ही भरली वाटी परतवलीत त्या पहिल्याच दिवशी मी ते तुम्हाला ऐकवलं असतं.